अकरा भोकं

पहिला ठोसा शाझवानच्या जबड्यावर बसला तेव्हा त्याच्या हातातली, दुकानातून बांधून आणलेली कॉफीची प्लास्टिकची पिशवी फुटली आणि लेझरच्या टेबलावर काळी कॉफी पसरली. दुसरा नाकावर बसला. मग रक्त आलं.

शुक्रवारची दुपार होती. शाझवान नमाज पढून परतला होता, आणि ती कॉफी त्याने बून लिओंगसाठीच आणली होती. बून लिओंगला त्याचं काही नव्हतं.

तीन महिने वाट पाहून आलेल्या चिपा सकाळी तपासून झाल्या. बाराच्या बारा मेलेल्या. या चिपांवर प्रकाश वाहून नेणाऱ्या पन्हळी असतात, केसाहून शंभरपट बारीक. ती पन्हळ काटकोनात वळवायची आणि वळणावर प्रकाश सांडू द्यायचा नाही, एवढंच काय ते काम. बून लिओंगने सव्वीस वर्षं असली वळणं हाताने आखली. यंदा मात्र विभागप्रमुख मॅडम याप यांनी वळण शाझवानच्या संगणकी मॉडेलकडून आखून घेतलं. आता गिऱ्हाईक गेलं होतं. महिनाअखेर पिनांगचा हा विभाग बंद, असं मॅडमनी जेवणाआधीच सांगून टाकलं. सहा जण रस्त्यावर. बून लिओंग चोपन्न वर्षांचा. त्याला आता कोण दारात उभं करणार?

"अंकल, मरेल तो! सोडा!" चिपा तपासणारा लोगनाथन मध्ये पडला. बून लिओंगचं कोपर त्याच्या पोटात बसलं आणि तो खुर्चीसकट आडवा झाला. पुन्हा काही तो मध्ये पडला नाही.

"बोल, चूक कोणाची?"

"माझी, अंकल."

"तुझी नाही रे गाढवा, तुझ्या त्या डबड्याची! चाळीस हजार वळणं करून बघितली म्हणे त्याने. म्हणून शहाणं झालं? इथे माणसं मेली होती का विचारायला?"

शाझवानने नाकावर बाही दाबली. त्या निमूटपणाने बून लिओंगच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने लाथ घातली. बरगडीतून काहीतरी कडकन वाजलं. खरं सांगायचं तर त्याला बरं वाटलं. वर्षभर बैठकांत मूग गिळून बसलेला माणूस होता तो. आज कुठे त्याला हात मोकळे करायला मिळाले होते.

"ऊठ. तुझ्या यंत्राची घाण तुलाच दाखवतो."

त्याने शाझवानला कॉलर धरून संगणकापर्यंत फरफटत नेलं आणि त्याचं डोकं टेबलावर आपटलं. मग एका हाताने मान दाबून धरून दुसऱ्याने दोन चित्रं शेजारी शेजारी उघडली. डावीकडे मॉडेलने काढलेलं वळण. उजवीकडे कारखान्याने चिपांसोबत पाठवलेला, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालचा फोटो. सकाळपासून तो कोणी उघडलाच नव्हता.

"बघ! याला वळण म्हणतात? झुरळांनी कुरतडलेलं बिस्किट नुसतं! आणि ही मधली भोकं... नऊ, दहा, अकरा. अकरा भोकं! प्रकाश सांडणार नाही तर..."

त्याची नजर उजवीकडे गेली. चिपवरच्या वळणाला एकही भोक नव्हतं. कडा गुळगुळीत होत्या.

फाइल कारखान्याकडे जाण्याआधी शेवटचा हात बून लिओंगचा फिरायचा. ही त्याची जुनी रीत. आखणीत चुकून राहिलेले ठिपके, फटी दिसल्या की तो बुजवून टाकायचा, टेबलावरचे कण झटकावेत तसं. कोणाला सांगायचा नाही. त्यात सांगण्यासारखं काय होतं? या वेळी बुजवल्याचं त्याला आठवतही नव्हतं. पण त्या कडा कोणी फिरवल्या हे त्याला लगेच कळलं. स्वतःचं अक्षर कोण ओळखत नाही?

त्याचा हात सुटला. शाझवान घसरून जमिनीवर बसला आणि त्याने तळहातावर एक दात थुंकला.

"तू..." बून लिओंगला धाप लागली होती. "फाइल गेल्यावर तू परत बघितली नव्हतीस?"

"बघितली. त्याच संध्याकाळी. भोकं बुजवलेलं वळण मॉडेलला तपासायला दिलं. भोकांशिवाय सगळा प्रकाश वळणावरच सांडतोय, असं सांगितलं त्याने."

"मग बोंबलला का नाहीस? दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत फाइल परत घेता आली असती, हरामखोरा! सहा घरं बुडवलीस!" बून लिओंगची मूठ पुन्हा वर गेली.

शाझवानने तोंड चुकवलं नाही.

"तुमचा हात फिरला होता, अंकल. मी मॉडेलच खोटं धरलं."