पंखावरची खाच

कर्नल प्रिचर्डने भिंग डोळ्याला लावलं, पेटीत टाचणीवर टोचलेल्या माशीकडे एकवार निरखून पाहिलं आणि तिला स्वतःचं नाव देऊन टाकलं. कॅम्पातल्या बंगल्याच्या व्हरांड्यात जमलेल्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. पाद्री होता, मामलेदार होते, तंबाखूचे एक व्यापारी खास निपाणीहून आले होते. माशीतलं कुणालाच काही कळत नव्हतं. पण चहा साहेबाचा होता, आणि चहाबरोबर केकही होता.

माशी होतीही देखणी. काळी कुळकुळीत, अंगावर आकाशी ठिपके. मधमाशीच्याच गोतातली, पण एकेकटी राहणारी. हिला पोळं नाही, मध नाही, राणी नाही. राणी नाही म्हटल्यावर साहेब आधी जरा हिरमुसला होता. पण हिच्या उजव्या पंखाच्या कडेला एक बारीकशी खाच होती. असल्या ठिपक्यांच्या माशा साहेबाच्या पुस्तकांत होत्या, खाच मात्र एकीलाही नव्हती. तेवढ्या खाचेवर साहेबाने नवी जात उभी केली. लेख लिहून तयार होता आणि उद्याच्या टपालाने लंडनला जायचा होता.

माशी पकडून आणली होती त्रिंबकराव मुतगेकर मास्तरांनी. ते कॅम्पातल्या शाळेत शास्त्र शिकवत. शाळेचे हेडमास्तर लवकरच निवृत्त व्हायचे होते, आणि त्या खुर्चीत कोण बसणार हे शाळा कमिटीचा अध्यक्ष ठरवणार होता. अध्यक्ष होता प्रिचर्ड साहेब. मास्तरांना उतारवयात एकाएकी माशांची गोडी का लागली, हे वेगळं सांगायला नको. त्यांच्या बायकोने तर शेजारणींशी हेडमास्तरीणबाईंच्या थाटात बोलायला सुरुवातही केली होती.

साहेबाने आज मास्तरांना एकच काम दिलं होतं. पाहुण्यांना या माशीच्या सवयी सांगायच्या. सवयी मास्तरांनाही ठाऊक नव्हत्या. म्हणून काल दुपारी ते पुन्हा शहापुरात गेले. शहापूर सांगली संस्थानात, रस्ता ओलांडला की राज्य बदलायचं. म्हणजे माशी मुळात साहेबाच्या मुलखातली नव्हतीच. पण नाव देताना एवढं कोण बघतो?

माशी सापडली होती चंपाबाईच्या घराच्या मागच्या मातीच्या भिंतीवर. आत नवऱ्याचा माग खटखटत होता, बाहेर चंपाबाई सुताच्या कांड्या भरत होती. मास्तर भिंतीपुढे पोत्यावर बसले. निळ्या पट्ट्यांची एक साधीसुधी माशी खपून भिंतीत बीळ कोरत होती, आत फुलांतला पराग साठवत होती. ती पुन्हा फुलांकडे गेली मात्र, कुठूनशी ठिपकेवाली आली आणि मालकीण असल्यासारखी त्या बिळात शिरली. शेजारचं एक लिंपून बंद केलेलं बीळ मास्तरांनी काडीने उकरलं. घर पट्टेवालीचं होतं. साठा संपला होता आणि आत ठिपकेवालीची लेक बाळसं धरून बसली होती.

मास्तरांनी काडी टाकून दिली. साहेबाचं नाव मिळणारी माशी दुसऱ्याच्या घरात शिरते आणि दुसऱ्याचं खाते, हे उद्या साहेबाच्याच बंगल्यात सांगायचं होतं. तेही असल्या दिवसांत. बंगल्याच्या भिंतीवर कुणीतरी 'चले जाव' लिहिलं होतं, त्यावर मारलेला चुना अजून नीट वाळलाही नव्हता.

ते उठायला लागले.

"बसा की मास्तर," चंपाबाई म्हणाली. "घरधनीण यायची हाय अजून."

मास्तर बसले. पट्टेवाली घरधनीण आली. ऊन उतरल्यावर मास्तर उठले आणि चंपाबाईने पुढे केलेला चहाही न घेता निघून गेले.

आता व्हरांड्यात ते उभे राहिले. भाषण त्यांनी घोळून घोळून गुळगुळीत केलं होतं. ही माशी स्वतः घर कोरत नाही, ते म्हणाले. ती इतरांनी कोरलेल्या घरांत जाते आणि तिथल्या साठ्याची व्यवस्था पाहते. तिची पुढची पिढीही तिथेच वाढते.

मामलेदारांना चहाचा ठसका लागला. साहेब मात्र खूश झाला.

"म्हणजे राज्यकर्त्यांची जात," तो म्हणाला. "नाव योग्य माशीला गेलं."

साहेब हसला म्हणून मंडळीही हसली. साहेबाने मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढच्या महिन्यापासून शाळा यांनीच सांभाळायची, असं सगळ्यांदेखत जाहीर करून टाकलं. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते मिळालं होतं. आता मास्तरांनी फक्त खाली बसायचं होतं.

"एक राहिलं," साहेबाने केकचा तुकडा उचलत सहज विचारलं. "त्या घराची मूळ मालकीण? ती बिचारी काहीच करत नसेल, होय ना?"

नुसतं 'होय साहेब' म्हणायचं होतं. ते म्हणण्यात मास्तरांचा हात धरणारा अख्ख्या कॅम्पात कुणी नव्हता. पण ते 'बिचारी' त्यांना झोंबलं. त्यांना राग आला, आणि आपल्याला साहेबाचा राग येऊ शकतो याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. त्यांनी पेटीतल्या माशीकडे पाहिलं.

"करते, साहेब," ते म्हणाले. "काल दुसऱ्या एका ठिपकेवालीला अशीच खाच पडताना मी डोळ्यांदेखत पाहिली. ज्या खाचेवर तुम्ही नवी जात उभी केलीत, ती खाच त्या मालकिणीच्याच चाव्याची आहे."