बरणी निवेपर्यंत

बरणी पुन्हा उतू गेली होती. चिनीमातीच्या गोऱ्या अंगावरून जांभळा ओघळ उतरून खालच्या परातीत साचला होता, आणि परातीच्या कडेला मुंग्यांची रांग लागली होती.

"बघ, बघ तुझे गुण!" मंजुळेनं पदर खोचला. "काठोकाठ भरलीस, नाय?"

"नाय गं मावशी. वीतभर मोकळी ठेवलेली. तूच तर बघितलंस."

"मी काय काय बघू? उद्या सासरी जाऊन हेच करशील, आणि नाव माझं निघेल."

नलूची आई गेली तेव्हा नलू चार वर्षांची होती. वर्षाच्या आत तिच्या बापानं, जानू तांडेलानं, मंजुळेला घरात आणलं. मंजुळेला मूल झालं नाही. नलू तिला मावशी म्हणे, आणि नलूला दोन शब्द लागट बोलल्याशिवाय मंजुळेचा दिवस मावळत नसे. अख्ख्या दातिवरे गावाला ते ठाऊक होतं.

आता नलूचं लग्न ठरलं होतं. नवरामुलगा एकनाथ बोईसरच्या कारखान्यात होता. होळी झाल्यावर त्यानंच बाजारातून पाटीभर काळी द्राक्षं आणून दिली. जानूच्या घरची रीतच तशी होती. लग्न ठरलं की हळदीसाठी वाइन घालायची, आणि बरणीतला फेस बसला, ती निवली, की मगच हळदीचा दिवस धरायचा. उकळत्या बरणीवर लेक घराबाहेर काढायची नाही.

एकनाथची आई बायडी मात्र घाईवर आली होती. "चैत्र सरायच्या आत सून दारात पायजे," तिनं बजावलं होतं. "नायतर सातपाटीचं स्थळ हाय आमाला."

पहिल्या आठवड्यात चूक नलूचीच झाली. फडकं बांधताना हातानं सवयीनं जाळ्याची गाठ मारली, ओढावी तितकी घट्ट होणारी. दुसऱ्या दिवशी फडकं केंड माशासारखं फुगलं आणि फेस भिंतीपर्यंत उडाला.

"अगं, तिला श्वास नको?" मंजुळा ओरडली. मग खाली बसून तिनंच सगळं शिकवलं. "तिसरा हिस्सा मोकळा सोड. साली वर येऊन झाकणासारख्या बसतात, खालच्या वाफेला वाट गावत नाय. सकाळ-संध्याकाळ पळीनं त्या खाली दाबायच्या. फडकं सैल बांध. साखर चिमटी चिमटी द्यायची, आणि आठव्या दिवशी बंद. साखर मिळत राहिली तर ती निवायचीच नाय."

नलूनं तसंच केलं. आठव्या दिवशी साखर बंद केली. रोज कान लावून ती बरणी ऐके. आतलं सळसळणं ओहोटीच्या पाण्यासारखं मागं मागं जाई. आता निवली, म्हणेपर्यंत परत फेस.

मंजुळेनं काही करायचं बाकी ठेवलं नाही. शेजारच्या नवसीकडून मोठी बरणी मागून आणली. ती पाण्याच्या हंड्यांजवळ गारव्याला ठेवली, भोवती ओलं गोणपाट गुंडाळलं, खाली परात दिली. तरी दोनदा निवत आलेली बरणी दोनदा उसळली.

"उन्हाळा हाय," जानू म्हणाला. "दुसरं काय!"

त्या रविवारी एकनाथ आला. मंजुळेनं चहा दिला. एक घोट घेऊन त्यानं कप खाली ठेवला.

"रेशनची साखर या खेपेला लवकर सरली," जानू ओशाळून म्हणाला.

"जावयाला दोन गोड शब्द बोला की," मंजुळा चुलीजवळून म्हणाली. "साखर कशाला पायजे?"

एकनाथ हसला. मग हळूच म्हणाला, "मावशी, बरणी कधी निवायची?"

"माझ्या हातात असतं तर आजच घालवली असती हिला. एक ताट कमी, एक भांडण कमी."

नलू त्याला वळणापर्यंत सोडायला गेली. तिथं तो थांबला. "आई काल सातपाटीला जाऊन आली," त्यानं सांगितलं. "मी नाय म्हटलं. पण किती दिवस म्हणू?"

घरी येऊन नलू थेट बरणीपाशी बसली. फडकं सोडलं. साली तळाला गेल्या होत्या. वर गडद, संथ पाणी, त्यात तिचं स्वतःचं तोंड दिसत होतं. एक बुडबुडा नाही. तिनं कान लावला. आत सगळं चिडीचूप.

"मावशी! निवली गं!"

मंजुळा आली, वाकली, बराच वेळ बघत राहिली. "निवलीय खरी," ती म्हणाली. "उद्या सकाळपर्यंत अशीच ऱ्हायली तर बाबाला सांग, दिवस धरायला."

सकाळी नलू उठली ती गाणं गुणगुणतच. बरणी तशीच संथ होती.

"आधी बोंबील बघून ये," मंजुळा म्हणाली. "दव पडलंय, वलांडीच्या बांबूंवर वाळत घातलेले उलटे करायला हवेत. बाबा किनाऱ्यावरनं आला की मग सांग त्याला. मी हाय इथं."

नलू अर्ध्या वाटेवर गेली आणि तिच्या ध्यानात आलं, डोक्याला बांधायचं फडकं राहिलं. ती परत फिरली. वाळूत पावलं वाजत नव्हती. मागचं दार अर्धवट उघडं होतं.

आत मंजुळा बरणीपुढे उकिडवी बसली होती. तिच्या ओटीत साखर होती. एक मूठ तिनं बरणीत सोडली, पळीनं हळूहळू ढवळली. मग दुसरी मूठ. आणि बरणीच्या गळ्याला हात घालून, कपाळ तिच्या अंगाला टेकवून ती म्हणाली, "चैत्र सरायला बारा दिस हायत, बाय. त्यातले दहा मला दे. मग माझ्या लेकीला मीच वाटेला लावते."