दोन दिवसांचं बिऱ्हाड

“अहो, मिक्सर कशाला? त्याचा प्लग काय झाडात खोचणार आहात?”

बायकोचा प्रश्न रास्त होता, पण ऐकायला नवरा जागेवर नव्हता. तो खाली टेंपोत गादी चढवत होता. लोकांची घरं हलवणाऱ्या कंपनीत तो मुख्य पॅकर. आजवर त्याच्या हातून कुणाची बशीसुद्धा फुटलेली नाही, आणि हे तो बशीचा विषय नसतानाही सांगायचा. दुसऱ्यांची बिऱ्हाडं गावोगाव पोचवणाऱ्या या माणसाने स्वतःच्या बायकोला आणि मुलींना मात्र कधी कुठे नेलं नव्हतं. मुलींनी डोकं खाऊन खाऊन शेवटी ही सहल पदरात पाडून घेतली होती. शनिवार, रविवार. एक तळं, एक तंबू.

तंबूची पिशवी उशीएवढीच होती. पण एकदा खोके आणि चिकटपट्टी हातात आली की खोली रिकामी होईपर्यंत नवऱ्याला चैन पडत नसे. हाताला सवयच तशी. तंबूत ओल लागेल म्हणून गाद्या निघाल्या. गाद्यांपाठोपाठ उशा, खुर्च्या, घडीचं टेबल, शेगडी, मोठं पातेलं. मग त्याने पडदे उतरवले.

“पडदे?” थोरली ओरडली.

“तंबूला खिडकी आहे ना?”

धाकटी आरशाच्या खोक्यावर जाड पेनाने ‘नाजूक’ लिहीत होती. तिला सहल आत्ताच सुरू झाल्यासारखी वाटत होती.

गल्लीला मात्र वेगळंच वाटलं. इस्त्रीवाला धावतपळत उरलेले कपडे घेऊन वर आला. “निघालात होय? निदान कळवायचं तरी!” असं म्हणून हिरमुसून निघून गेला. बायको हसली. माणूस दोन दिवसांसाठी निघालाय असं सांगितलं असतं, तरी टेंपोकडे बघून कुणाला पटलं नसतं.

तेवढ्यात नवऱ्याने जिन्यातला चपलांचा स्टँडही उचलला. तोच समोरचं दार आतून उघडलं.

समोरच्या घरात शिवणकाम करणारी शेजारीण राहायची. तिची आणि बायकोची एकेकाळी अशी गट्टी होती की दोन्ही घरांची दारं फक्त झोपताना लागत. मग हा स्टँड आला. तो वीतभर इकडे हवा की तिकडे, यावरून शब्दाला शब्द वाढला, आणि दोघींनी जे तोंड फिरवलं ते चार वर्षं. हिला तिची फार आठवण यायची. हाकेच्या अंतरावरच्या माणसाची आठवण काढत बसणं म्हणजे तसा वेडेपणाच. पण बोलायचं आधी कुणी, यावर घोडं अडलेलं. हिने एकदा हिय्या करून तिच्या दारापर्यंत पाऊल टाकलं होतं. तिथूनच ही पायपुसणं झटकून परत आली होती.

आज शेजारीण स्वतःहून बाहेर आली. गळ्यात मापाची पट्टी, बोटाला दोरा गुंडाळलेला. तिने आधी स्टँडची मोकळी जागा पाहिली, मग यांचं रिकामं घर.

“चाललात?” ती म्हणाली.

“हो,” बायको म्हणाली. आणि ते खरंच होतं.

“मग आता कसला राग धरायचा गं? माणूस जाताना तरी गोड बोलावं.” शेजारणीने पुढे होऊन तिला घट्ट मिठी मारली. “मीच मेली हट्टी. वीतभर जागेसाठी तुझ्यासारखी मैत्रीण घालवली.”

“नाही गं, माझीच जीभ घसरली. किती वाटायचं तुझ्याकडे यावं!”

दोघी जिन्यात उभ्या राहून मनसोक्त रडल्या. थोरलीला हे बघवेना. “अहो मावशी, आम्ही तर फक्त...” तिने सुरुवात केली, आणि आईने तिला असा चिमटा काढला की पुढचे शब्द तिने गिळूनच टाकले. खालून नवरा ओरडला, “अगं, रविवारी परत आल्यावर रडा की! उशीर होतोय!” ही मोठ्याने खोकली. शेजारणीने पदराने डोळे पुसले. ऐकलं की नाही, काही कळलं नाही.

टेंपोत बसेपर्यंत हिच्या आनंदाची पार माती झाली होती. खरं सांगावं, तर शेजारीण पुन्हा दार लावून घेणार. न सांगावं, तर रविवारी हेच सामान घेऊन हाच जिना चढायचा, आणि तोही तिच्या डोळ्यांदेखत. चार वर्षांनी मिळालेली मैत्रीण दोन दिवस टिकणार. असं फसवून मिळवलेलं रडू कुठल्या तोंडाने परत करायचं? “तुमच्या या पॅकिंगला आग लागो,” ती नवऱ्यावर खेकसली.

“का? काही राहिलं का?” नवऱ्याने काळजीने विचारलं.

ती उत्तर देणार, तोच शेजारीण जिना उतरून टेंपोपाशी आली. धापा टाकत तिने खिडकीतून हात आत घातला आणि हिचा हात धरला. हिने मनाचा हिय्या केला. आता सांगून टाकायचंच.

“ऐक ना, तुला एक सांगायचंय...”

“ते राहू दे. रविवारी दमून याल, स्वयंपाकाला लागू नकोस,” शेजारीण म्हणाली. “माझ्याकडेच जेवा सगळे.”