आईमुळे राहिलेली सफर

"तीन आठवडे आईचं काय करायचं, तेवढं सोडलं तर सगळं ठरलंय," मुलगा म्हणाला आणि त्याने लाल पेन्सिल नकाशावर ठेवली.

आई तिथेच, टेबलाच्या कडेला चष्मा पुसत बसली होती. गेली सहा वर्षं हिवाळा सरत आला की दर शनिवारी दुपारी जेवणाचं टेबल नकाशाखाली जायचं. परक्या देशातला समुद्र, त्यातली बेटं, भाड्याची शिडाची बोट आणि उन्हाळ्याची सुट्टी. मुलगा विमा कंपनीत होता, त्यामुळे काय काय बुडू शकतं याची यादी त्याच्याकडे असायची. सून दातांची डॉक्टर. बोटीत कोणी कुठे झोपायचं ते ती ठरवायची. मुलाचा मित्र गाडी शिकवण्याचा वर्ग चालवायचा आणि पाण्यात एकदाही न जाता सगळे त्याला कप्तान म्हणायचे. कप्तानाच्या बायकोचं औषधांचं दुकान होतं. उलटीच्या गोळ्या दरवर्षी तीच आणायची आणि मुदत संपली म्हणून दरवर्षी तीच फेकायची.

खुर्चीच्या पाठीला दोर बांधून गाठी शिकून झाल्या होत्या. नातवासाठी घेतलेलं तरंगायचं जाकीट माळ्यावर पडून होतं, आणि नातू बापापेक्षा वीतभर उंच होऊन वसतिगृहात राहायला गेला होता. पण घोडं नेहमी एकाच ठिकाणी पेंड खायचं. पहिल्या वर्षी आईचा गुडघा. मग मोतीबिंदू. मग रक्तदाब. "आईमुळे राहिलं," असं मुलगा फोनवर सांगायचा, अगदी मायेनं, आणि असा मुलगा मिळायला भाग्य लागतं, असं लोक म्हणायचे. आईला ते ऐकून मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. चार धडधाकट माणसांचा आनंद आपण अडवून बसलो आहोत, हे तिला आतून खायचं. मागच्या वर्षी बाथरूममध्ये पाय घसरला तेव्हा तिने सुजलेला घोटा आठ दिवस मोज्यात लपवला होता. तरी सफर राहिलीच. हवा बदलली होती म्हणे, आईला सोसली नसती.

"मी जाते बहिणीकडे," आई म्हणाली. "तीन आठवडे काय, महिनाभर ठेवून घेईल ती."

"त्यांचंच वय झालंय, आई," सून म्हणाली. "आमचं तिकडे लक्ष लागायचं नाही."

"मग मी तुमच्याबरोबर येते."

कप्तान हसला. "काकू, बोट आहे ती. गॅलरीतला झोपाळा नाही."

आईने पिशवीतून एक कागद काढून नकाशावर ठेवला. डॉक्टरांचा दाखला होता. त्यांनी तिला दोन जिने चढायला लावले होते, एका पायावर उभं केलं होतं, छातीला तारा लावून आलेख काढला होता. सही करताना एवढंच म्हणाले होते, खुशाल जा, गोळ्या मात्र विसरू नका. कागदाशेजारी तिने पासपोर्ट ठेवला.

"सहा जण झोपतात ना त्या बोटीत? तूच म्हणाली होतीस," ती सुनेला म्हणाली. "आता लावा तारीख."

मुलाने दाखला दोनदा वाचला. खोट शोधण्यात त्याची उभी हयात गेली होती. इथे ती सापडेना.

"तसं उन्हाळ्यात माझ्याकडे शिकणाऱ्यांची झुंबड असते," कप्तान हळूच म्हणाला.

"दुकान तरी कुणाच्या भरवशावर टाकणार?" त्याच्या बायकोने री ओढली.

सून नकाशाचा कोपरा मुडपत होती. "मला तलावातल्या बोटीतसुद्धा मळमळतं. मी बोलले नाही इतकंच."

"आणि तुझं काय?" आईने मुलाला विचारलं.

"मला पोहता येत नाही, आई."

"सहा वर्षांत शिकला नाहीस?"

त्याने नकाशावरची लाल पेन्सिल उचलून खिशात घातली.

आईला संताप आला, आणि त्याच्या दुपटीनं हलकं वाटलं. सहा वर्षं जे पाप ती उरावर घेऊन झोपत होती, ते तिचं नव्हतंच. या मंडळींना समुद्र नको होता, शनिवार हवा होता. आणि हंगाम संपला की खापर फोडायला एक डोकं घरातच होतं, पांढऱ्या केसांचं.

मुलाचा जीव भांड्यात पडला होता. तो नकाशाची घडी घालू लागला. "जाऊ दे, पुढच्या वर्षी बघू. तुझ्या तब्येतीचाही तसा भरवसा..."

"हात काढ," आई म्हणाली आणि तिने नकाशावर तळहात ठेवला. दुसऱ्या हाताने तिने फोन लावला.

"कोपऱ्यावरची प्रवास कंपनी ना? मी परवा आले होते. पाच जागा धरून ठेवायला सांगितल्या होत्या बघा, त्या शिडाच्या बोटीवर. त्यातल्या चार सोडून द्या. एक पक्की करा. हो, एकटीच. बोटीवर माणूस तुमचा असतो ना, खरोखरचा कप्तान? मग झालं तर."

तिने फोन ठेवला. सूनबाईच्या हातातला कागदाचा कोपरा फाटला होता. कप्तान छताकडे बघत होता.

"आई, अगं काहीतरीच काय?" मुलगा म्हणाला. "तू तिकडे आणि आम्ही इथे? लोकांना काय सांगायचं आम्ही?"

आईने नकाशा स्वतःच्या पिशवीत घातला.

"ते तुम्ही ठरवा. यंदा फक्त नवीन कारण शोधा. मी घरी नसणार."