बिनकागदाचा उतारू

"बोट दोनला सुटते," गोव्याचा हवालदार म्हणाला. "माणूस ताब्यात द्या."

"देऊ की," फौजदार पोंक्षे पान लावता लावता म्हणाले.

इकडच्या इंग्रज आणि तिकडच्या पोर्तुगीज साहेबांत ठरलं होतं, बिनकागदाचा उतारू सापडला की ज्याचा त्याला परत. पण आधी रत्नागिरीत दवंडी पिटायची. इथल्या कुणाचा असेल तर त्याने ओळखून न्यावा. काल गोव्याहून आलेल्या मचव्यात पकडलेला गडी कोपऱ्यात बसला होता. "इथलाच," एवढंच तो बोलला होता. परत गेलेल्यांना मजुरीसाठी आफ्रिकेच्या बोटीत भरतात, अशी बंदरावर बोलवा होती. ती त्याच्याही कानावर असावी, कारण बोटीचं नाव निघताच तो भिंतीला आणखी चिकटला होता.

दवंडी ऐकून सगुणा धापा टाकत चौकीवर आली.

"आमचं मानूस तीन वरसं झाली गोव्यात गेलंय," ती दारातूनच म्हणाली. "पत्र नाय, सांगावा नाय. कुठं हाय?"

पोंक्ष्यांनी कोपऱ्याकडे बोट केलं. तिने पाहिलं मात्र, उंबऱ्यातच बसली आणि हमसून हमसून रडू लागली. पोंक्ष्यांनाही भरून आलं.

हवालदार मात्र बारा बंदरचं पाणी प्यालेला. "रडायला काय, कुणीही रडेल," तो म्हणाला. त्याने गड्याला आपल्या कानात नाव सांगायला लावलं. "आता हिला सांगू दे. जुळलं तर ठेवा तुमच्याकडे."

सगुणाने डोळे पुसले. गड्याकडे एकवार नीट पाहिलं. मग पदर पुढे ओढून जमिनीकडे बघत उभी राहिली.

"नाव सांग, बाई!" हवालदार खेकसला.

"मी नाय घ्यायची."

पोंक्षे खो खो हसले. "अहो हवालदार, तुमच्या क्रिस्तांव बायका घेत असतील. आमच्याकडे जीव गेला तरी बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. हिने चटकन सांगितलं असतं, तर उलट मलाच संशय आला असता!"

त्यांनी 'ओळख पटली' असं लिहून सगुणाचा अंगठा घेतला. हवालदार पाय आपटत एकटाच धक्क्याकडे गेला.

बाजार संपून घाटीची चढण लागेपर्यंत सगुणा पुढे आणि गडी तिच्या मागे चालत राहिला. मग सगुणा थांबली.

"आमच्या मानसाला तिकडं आपला म्हननारं कोन भेटलं नसल," ती म्हणाली. तिला पुन्हा रडू फुटलं, ते तिने कसंबसं आवरलं. "नाव काय तुमचं?"