तीसच्या खाली

झोपलेल्या मांजरीची कूस वर येते, क्षणभर थांबते आणि खाली जाते, तेव्हा एक श्वास पुरा होतो. दोघी बहिणींतल्या मोठीने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत मिनिटभर मोजले. सव्वीस. पाच मिनिटांनी पुन्हा मोजले, अठ्ठावीस. तिसऱ्या खेपेला बाहेर कुणीतरी मोटार मागे घेतली, मांजरीचा कान हलला आणि आकडा चौतीसवर गेला. मोठीने वहीत चौतीस लिहिले.

पाच महिने हे असंच चाललं होतं. मांजर चौदा वर्षांची, हृदय मोठं झालेलं, एका डोळ्यात पडदा. बेवारस प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेने ती जरा सावरेपर्यंत सांभाळायला दिली होती. श्वास महिनाभर तीसच्या खाली राहिले की तिला कायमचं घर शोधायचं, असं ठरलं होतं.

धाकटी दाराला टेकून पाहत होती. बत्तीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत पोरांना तीनदा मोजून सरासरी काढायला लावणारी आपली बहीण तिनांतला मोठा आकडा उचलते, हे तिच्या केव्हाच लक्षात आलं होतं.

"ताई, पोरांनी असं केलं असतं तर वही खिडकीतून भिरकावली असतीस," ती म्हणाली. "हवीय ना ती तुला? मग सांगून टाक."

मोठीचं म्हणणं असं की हृदयाचं दुखणं, फार तर दोन वर्षं. हात दाखवून अवलक्षण कशाला करून घ्यायचं? पाहुणी आहे तोवर ठीक आहे. त्यावर धाकटीने ऐकवलं, की ही कुठली पाहुणी, पलंगभर पसरते ती आणि अंग चोरून झोपते यजमानीण. शिवाय दोन वेळची अर्धी-अर्धी गोळी गिळताना ओरबाडते ते वेगळंच.

चार वाजता संस्थेच्या बाई आल्या. हातात रिकामा पिंजरा होता. एक वयस्कर जोडपं म्हातारंच मांजर हवं म्हणून थांबलं होतं. घर शांत, दवाखाना दोन पावलांवर. डॉक्टरांच्या मते मांजर केव्हाच सावरली होती, फक्त वहीतले आकडे त्याच्याशी जुळत नव्हते. म्हणून बाई स्वतःच मोजायला आल्या होत्या.

मांजरीने एक डोळा उघडून त्यांना पाहिलं आणि मिटला. ती पुन्हा गाढ झोपेपर्यंत तिघी गप्प बसून राहिल्या. मग बाईंनी दोनदा मोजलं आणि वही चाळली.

"मॅडम, मला दोन्ही वेळा सव्वीस मिळाले," त्या संकोचून म्हणाल्या. "तुमच्याकडे तीसच्या खाली एकही दिवस नाही. माझंच चुकत असेल, तुमचा हात यात मुरलेला. चौतीसच लिहू का?"

चौतीस लिहिलं की पिंजरा रिकामाच परत जाणार होता. कुणी काही विचारणार नव्हतं. धाकटी खिडकीबाहेर पाहू लागली.

मोठीने वही मिटली.

"सव्वीसच लिहा. तुमचं बरोबर आहे," ती म्हणाली. "आणि त्या दोघांना सांगा, वाट पाहू नका. ही इथेच मरेल."