माझ्या नावाने आलेल्या भेटी

नव्या नोकरीत रजा मिळाली नाही, म्हणून नाताळ या एवढ्याशा खोलीत एकट्यानेच काढायचा होता. तोंड पाडून बसलो होतो, तेवढ्यात घरून पार्सलं आली! मी ती अधाशासारखी फोडली. आत्याने विटेसारखी कडक उशी पाठवली होती. बाबांनी कवळी ठेवायची डबी. माझे तर बत्तीसही दात शाबूत आहेत. ताईने चक्क बाळाचे डायपर. मी तडक ताईला फोन लावला.

“अगं, तुम्ही मला समजता तरी काय?”

“यजमान. आता दार उघड, सगळेच आलोय. आत्याने जिन्यातच बसकण मारलीये आणि उठायचं नाव घेत नाहीये.”

दार हाताच्या अंतरावर होतं, तरी मी धावत गेलो.